पोट छोटं, भूक मोठी

‘गांजा’ हा शब्द आपल्या घरात उच्चारला की डोळ्यांसमोर काय येतं? देवळामागे चिलीम ओढत बसलेला बैरागी, नाहीतर पोलिसांनी पकडलेल्या पोत्यांचा पेपरातला फोटो. बायकांच्या पुरवणीत हा विषय कशाला, असं वाटणं साहजिक आहे. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनशी तर त्याचा संबंधच काय? पण मैत्रिणींनो, हे दोन विषय आता एकाच बाईच्या आयुष्यात येऊन भेटायला लागलेत. म्हणून आज जरा स्पष्टच लिहिते. नाक मुरडू नका, शेवटपर्यंत वाचा.

आधी ऑपरेशनचं बघू. पूर्वी हे मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचं काम समजलं जायचं. आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या बायकाही मोठ्या शहरात जाऊन करून येतात. गुडघे गेलेले असतात, शुगर आटोक्यात येत नाही, रात्री घोरताना श्वास अडकतो. मग डॉक्टरच सुचवतात. यातलं खूप प्रमाणात होणारं ऑपरेशन म्हणजे ‘स्लीव्ह’. त्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. दुसरं ‘बायपास’. त्यात जठराची इवलीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

स्लीव्हमध्ये नुसती जागाच कमी होत नाही. ‘भूक लागली’ हा निरोप मेंदूला पोचवणारं घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, नेमका तोच भाग या ऑपरेशनमध्ये जातो. मी गेली कित्येक वर्षं आहाराचा सल्ला देते. ऑपरेशन करून आलेल्या बायका मला सांगतात, “मॅडम, पहिले सहा महिने भूक म्हणजे काय तेच विसरले होते.” अर्धी वाटी वरण-भात खाल्ला की पोट गच्च. वजन भराभर उतरतं, जुने ब्लाऊज उसवून घ्यावे लागतात, लग्नकार्यात सगळ्या विचारतात, “काय गं, काय केलंस?”

पण भूक काही फक्त पोटात राहत नाही. दुपारी घर रिकामं झालं की डब्यातला चिवडा आठवतो, ती पोटाची भूक नसते. नवऱ्याशी वाजलं की रात्री उरलेला शिरा संपवला जातो, तीही नाही. आपल्या भाषेत त्याला ‘वखवख’ असा नेमका शब्द आहे. ती डोक्यात असते, मनात असते. सर्जनची सुरी तिथवर पोचत नाही.

माझी एक मावसबहीण अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात राहते. तिथे २०१२ साली लोकांनी मतदान करून गांजाला मोकळीक दिली आणि १ जानेवारी २०१४ पासून तो दुकानात उघड मिळायला लागला. ओढायचा नसेल तर फळांच्या चवीच्या जेलीसारख्या गोळ्या मिळतात. एका गोळीत १० मिलिग्रॅमपर्यंत नशेचं द्रव्य, पाकिटावर छापलेलं. म्हणजे चिलीम नाही, धूर नाही, बैरागी नाही. आपल्याकडे आवळासुपारी मिळावी तितक्या सहज.

हिचं स्लीव्ह झालं, तीस किलो वजन उतरलं. सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या वर्षी मात्र झोप उडाली. पूर्वी मन उदास झालं की ती खायची, आता तेही जमेना. ऑफिसातल्या मैत्रिणीनं एक गोळी दिली. मला फोनवर म्हणाली, “ताई, झोप मस्त लागते गं. पण गोळी घेतली की तासाभरात अशी खा-खा सुटते ना, की मी फ्रीज उघडून नुसती उभी राहते.” पोळी-भाजी तिला दोन घासांपलीकडे जात नाही. पण आइस्क्रीम, चॉकलेट, बटाट्याचे वेफर्स जातात, कारण ते तोंडातच विरघळतात आणि छोट्या पोटातून पटकन खाली सरकतात. बघता बघता नऊ किलो परत आले. मी विचारलं, “डॉक्टरांना सांगितलंस का?” तर म्हणाली, “छे! काय म्हणतील ते? आणि आईला तर अजिबात बोलू नकोस हं.”

ही खा-खा काही तिच्या मनाचा कमकुवतपणा नाही. गांजातलं मुख्य नशेचं द्रव्य, ज्याला थोडक्यात टीएचसी म्हणतात, ते इस्रायलमधल्या राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९६४ साली वेगळं करून दाखवलं. पुढे कळलं की आपल्या मेंदूत या द्रव्याला बसायला जणू खाचाच आहेत. मग प्रश्न आला, या खाचा गांजासाठी थोड्याच असतील? त्यात बसणारं काहीतरी शरीर स्वतः तयार करत असणार. १९९२ साली मेशुलम यांच्या गटाला ते सापडलं आणि त्याला नाव दिलं ‘आनंदामाइड’. होय, आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून! भूक, चव, वास, आनंद, झोप या सगळ्यांचे धागे या खाचांशी जोडलेले आहेत. गांजा तिथे जाऊन बसला की पोट भरलेलं असतानाही अन्नाचा वास जास्त खमंग लागतो, चव जास्त गोड लागते.

म्हणूनच अमेरिकेत या द्रव्याची प्रयोगशाळेत बनवलेली गोळी औषध म्हणून दिली जाते. १९८५ साली तिला कॅन्सरच्या उपचारातल्या मळमळीसाठी मान्यता मिळाली आणि १९९२ साली एड्सच्या रुग्णांची भूक वाढावी म्हणून. जरा विचार करा. ज्यांची अन्नावरची वासना उडाली त्यांना जे औषध देतात, तेच द्रव्य लाखो रुपये खर्चून भूक कमी करून घेतलेल्या बाईनं झोपेसाठी घ्यायचं! एका हातानं घागर भरायची आणि दुसऱ्या हातानं तळाला भोक पाडायचं, असा हा प्रकार.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. याच खाचा बंद करून भूक मारणारं रिमोनाबँट नावाचं औषध २००६ साली युरोपात आलं. वजन कमी व्हायचं, पण काही रुग्ण खोल नैराश्यात गेले, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ साली तिथे त्याची विक्री थांबवली आणि २००९ साली भारतातही त्यावर बंदी आली. मला यातून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भूक आणि मनाची खुशाली एकाच दारातून ये-जा करतात. एकीला बाहेर ढकलायला गेलं की दुसरीलाही धक्का लागतो.

आता न्यायानं दुसरी बाजूही सांगते. गांजा घेणाऱ्या प्रत्येकीचं वजन वाढतंच असं नाही. काही पाहण्यांमध्ये ऑपरेशननंतर गांजा घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या वजनात मोठा फरक दिसलेला नाही. पण २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात गांजा घेणाऱ्यांमध्ये ‘खाण्यावरचा ताबा सुटतो’ ही तक्रार जास्त दिसली. आणि काटा काय सांगतो एवढाच प्रश्न नाही. छोट्या पोटात दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं बसवायची असतात. आपल्या शाकाहारी बायकांना डाळ, पनीर, दही, सोयाबीन यातून ती जमवताना आधीच नाकी नऊ येतात. ती जागा वेफर्सनी भरली तर वजन तेच राहूनही केस गळतात, रक्त कमी होतं, अंगातली ताकद जाते.

शिवाय एक धोका उलटीचा. खूप दिवस नियमित गांजा घेणाऱ्या काहींना पुन्हा पुन्हा उलट्यांचा त्रास होतो आणि गरम पाण्यानं अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. हे २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी प्रथम नोंदवलं. ऑपरेशन झालेल्या बाईला अशा उलट्या होत राहिल्या तर ब-१ जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं. त्याचा परिणाम थेट मेंदूवर होतो: तोल जातो, नजर दुहेरी होते, भ्रम होतो. डॉक्टरांना गांजाचं माहीतच नसेल तर ते बिचारे टाक्यांत दोष शोधत बसतील. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे कुठे? आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानं गांजा गुन्हाच आहे आणि तो तसा आहे हे प्रत्येकीनं ध्यानात ठेवावं. पण भांगेची नुसती पानं त्या कायद्याच्या व्याख्येत नाहीत. महाराष्ट्रात त्यांनाही परवाना लागतो. तरी महाशिवरात्रीला, होळीला कुठे ना कुठे थंडाई घोटली जातेच. ‘देवाचा प्रसाद आहे, घोटभर घे’ असा आग्रह बायकांनाही होतो. आणि आता याच वनस्पतीचे ‘विजया’ नावाचे अर्क आणि तेलं आयुर्वेदिक औषध म्हणून झोपेसाठी, दुखण्यासाठी चिठ्ठीवर मिळतात. गंमत अशी, की भांग अग्नी वाढवते, भूक वाढवते हे आपल्या भावप्रकाशात शतकांपूर्वीच लिहून ठेवलंय. ‘नैसर्गिक आहे, अपाय करत नाही’ हे मला पटत नाही. धोतराही नैसर्गिकच असतो की! आणि ज्यांच्या लेकी-सुना अमेरिकेत, कॅनडात आहेत, त्यांच्यासाठी तर हा विषय घरचाच आहे.

पण माझं खरं म्हणणं याच्याही पुढचं आहे. गोळी वाईट, एवढं बोलून मोकळं होणं सोपं आहे. ती गोळी का लागली, हे कुणी विचारत नाही. कितीतरी बायकांना आयुष्यभर खाणं हाच विसावा होता. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभं राहून खाल्लेला तो एक लाडू, हीच दिवसातली तिची स्वतःची पाच मिनिटं. ऑपरेशननं तो विसावा काढून घेतला, त्या जागी दुसरं काही दिलं नाही. मग मन दुसरी वाट शोधतं. २०१२ साली अमेरिकेत सुमारे दोन हजार रुग्णांची पाहणी झाली. तिच्यात बायपासनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या त्रासाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. गांजाची गोळी ही त्याच वाटेवरची आणखी एक टपरी.

आणि वर घरच्यांचे टोमणे. “एवढे पैसे घातले, तरी परत जाडच?” ज्या घरात वजनाची चेष्टा होते, त्या घरात गोळी कपड्यांच्या घडीखाली लपते. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो, पण दवाखान्यात ही म्हण उपयोगाची नाही. तिथे झाकलेली मूठ बाईच्या जिवावर येते.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच भांग, गांजा, विजया, तंबाखूची मिश्री, जे काही असेल ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. गांजानं भुलीचं गणित बदलतं, म्हणून प्रत्येक रुग्णाला हा प्रश्न विचारावा असं अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२३ साली मार्गदर्शनात सांगितलंय. आपल्या डॉक्टरांनीही तो विचारावा, आणि भुवया न उंचावता विचारावा. ऑपरेशननंतर झोप गेली, मन उदास राहिलं, तर तो तितकाच खरा आजार समजून त्यावर उपचार घ्या. ऑपरेशनच्या खर्चात मानसोपचारतज्ज्ञाच्या चार भेटी आधीच धरून ठेवा. उलटी थांबत नसेल तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. आणि रात्री खा-खा सुटलीच, तर हाताशी वेफर्सऐवजी पातळ ताक, मऊ पनीर, मुगाचं कढण असू द्या.

आई, सासू, बहीण म्हणून आपल्याला करण्यासारखं तर अगदी साधं आहे, त्याला पैसाही पडत नाही. ऑपरेशन होऊन आलेल्या लेकीला फोन केलात की “किती किलो उतरलं?” हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तिला विचारा, “झोप लागते का गं? दिवसभरात जिवाला बरं वाटेल असं काय केलंस?” उत्तर काहीही आलं तरी ओरडू नका. ती बोलती झाली, तर पुढचं डॉक्टरांना सांगणं तिला जड जाणार नाही.