ग्रंथ आकाशातून पडत नाहीत

दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये मानल्या जाणाऱ्या कॅथॉलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत. प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६. एकाच मुंबईत, एकाच धर्माच्या ग्रंथात हा फरक का असावा?

येशूने स्वतः काहीच लिहून ठेवले नाही. त्याच्यानंतर सुमारे वीस वर्षांनी पौलाची पत्रे लिहिली जाऊ लागली. शुभवर्तमाने त्याहून नंतरची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मार्सियनने जुना करार नाकारून एक शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे एवढीच ग्राह्य मानली. हर्मासचा ‘मेंढपाळ’ कित्येक ठिकाणी आदराने वाचला जाई; तो वगळला गेला. ‘प्रकटीकरणा’स विरोध असूनही ते टिकले. नव्या कराराच्या नेमक्या २७ पुस्तकांची आज उपलब्ध असलेली पहिली यादी बिशप अथानेशियस यांच्या इ. स. ३६७ च्या पत्रात आढळते. रोमन चर्चने तर १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत शिक्कामोर्तब केले.

यात ख्रिस्ती बांधवांचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. त्रिपिटकही शतकानुशतके मुखोद्गत राहून मगच सिंहलद्वीपात लिपिबद्ध झाले. म्हणूनच १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्यासाठी बुद्धीची कसोटी सांगितली.

पोथीपुढे विचार गहाण टाकल्याचे फळ आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. तेव्हा परळ-लालबागच्या खोलीत तो ग्रंथ असेल, तर त्यास केवळ फुले वाहू नका. रोज वाचा, आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.