बदलण्याआधी मोजा!

गेल्या महिन्यात बाबांची जुनी पेट्रोल गाडी रुसली. सिग्नलला थांबली की थरथरायची, ॲव्हरेजही घसरलं. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "चारही इंजेक्टर बदला." खर्चाचा आकडा ऐकून बाबा म्हणाले, "विकूनच टाकू." आईचा चेहरा उतरला. पन्नाशीत ती याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली होती.

शेवटचा प्रयत्न म्हणून मी फ्रीगंजमधल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी चारही इंजेक्टर काढून टेस्टिंग मशीनवर लावले. प्रत्येकाखाली काचेची मोजनळी. ठरावीक वेळ फवारा सोडला. तीन नळ्या सारख्या भरल्या, चौथी कमी. त्या इंजेक्टरमधून फवाऱ्याऐवजी थेंब गळत होते!

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक तोटी. इंजिनाचा कॉम्प्युटर ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती उघडतो. पेट्रोल धुक्यासारखं उडालं तर हवेत नीट मिसळतं आणि पूर्ण जळतं. थेंब पडले तर अर्धवट जळतं. गाडी थरथरते, पेट्रोल वाया जातं आणि धूरही वाढतो.

आमचा दोष सवयीचा होता. घर ते बाजार, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. गरम इंजिन बंद केलं की इंजेक्टरच्या टोकाला उरलेलं पेट्रोल तापून तिथेच चिकटतं. असे थर साचत जातात. मिस्त्रींनी इंजेक्टर अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुतले, रबरी सील आणि पेट्रोल फिल्टर बदलले आणि पुन्हा मोजलं. चारही नळ्या सारख्या! खर्च नव्या इंजेक्टरांच्या मानाने अगदी किरकोळ. मात्र इंजेक्टरची आतली कॉइल जळली असेल, तर धुऊन उपयोग नाही. तो बदलावाच लागतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि बहुतेक स्कूटर-बाइकमधलाही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आला. म्हणून तरुण मित्रांनो, तीन गोष्टी पाळा. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. फिल्टर वेळेवर बदला. अधूनमधून गाडी लांब फिरवून आणा.

डिझेल गाडीच्या इंजेक्टरला मात्र घरी हात लावू नका. पेट्रोल गाडीत दाब साधारण 3-4 बार असतो, आधुनिक डिझेलमध्ये 2000 बारपर्यंत जातो. तो फवारा कातडीत घुसू शकतो. हे डिझेल इंजेक्टर आणि नोझल आपल्या नाशिकला, सातपूरच्या बॉश कारखान्यात बनतात. जुनी मंडळी त्याला अजून 'मायको' म्हणतात. म्हणजे उज्जैन-नाशिकचं नातं फक्त सिंहस्थाचं नाही!

गाडी विकली नाही. परवाच आई ती घेऊन देवासला आत्याकडे जाऊन आली. बाबा शेजारच्या सीटवर, निवांत.