मुलांना घेऊन लिस्बनला जाणार असाल तर

युरोपची सहल म्हटलं की आपल्याकडे गणित ठरलेलं असतं : दहा दिवस, पाच देश. पहाटे बॅगा दाराबाहेर, दिवसभर बस, उतरा, फोटो काढा, पुन्हा चढा. मोठी माणसं हे निभावून नेतात. सात वर्षांच्या मुलाला परत आल्यावर विचारा, त्याला बसची खिडकी आणि हॉटेलची लिफ्ट आठवेल. म्हणून सांगणं एवढंच आहे की मुलं बरोबर असतील तर एकच शहर धरा आणि आठवडाभर तिथेच मुक्काम ठोका. कोणतं शहर, असं विचाराल तर मी लिस्बन म्हणेन.

पोर्तुगालची ही राजधानी तेजु नदीच्या मुखाशी आहे. नदी इथे खाडीसारखी पसरलेली आणि समुद्र लोकल गाडीच्या अंतरावर. शिवाय ‘हे पाहिलं नाही तर युरोप पाहिलाच नाही’ असा धाक घालणारं फारसं काही या गावात नाही. मुलांच्या सहलीत ही मोठीच सोय म्हणायची.

रोज एकच गोष्ट ठरवा, तीही सकाळी. दुपार मोकळी सोडा. मे-जूनमध्ये तिथे रात्री पावणेनऊ-नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी दोन तास झोप काढली तरी दिवस वाया जात नाही. संध्याकाळी बागेत जा. इश्त्रेला बागेत बदकांचं तळं आहे, घसरगुंड्या आहेत आणि शेजारीच कॉफीची टपरी. पोरं खेळतात, आईबाप कॉफी घेत बसतात. तिथली कुटुंबंही हेच करतात, आणि भाषा येत नसली तरी पोरं झोपाळ्यावर नंबर लावायला शिकतातच.

आता चढ. लिस्बन टेकड्यांवर वसलंय आणि पदपथ पांढऱ्या-काळ्या दगडी चौकोनांचे आहेत. दिसायला सुरेख, पण वर्षानुवर्षांच्या चालण्याने गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की मोठ्यांचाही पाय सटकतो. बाबागाडीची चाकं त्यावर खडखडत राहतात, आत झोपलेलं बाळ जागं होतं ते होतंच. तान्हं असेल तर अंगाला बांधायची झोळी न्या, आणि सगळ्यांसाठी पकड असलेले बूट. बायशा या सपाट भागातून किल्ल्याकडे चढताना वाटेत फुकटच्या सार्वजनिक लिफ्ट आहेत, त्या शोधा. आजी-आजोबा बरोबर असतील तर मग शोधाच. उतारावरच्या रुळांच्या गाड्यांचे फोटो पाहून मुलं हट्ट धरतील. पण ३ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांपैकी ग्लोरिया या गाडीला भीषण अपघात होऊन सोळा माणसं गेली. त्यामुळे त्या गाड्यांची सद्यस्थिती पाहिल्याशिवाय मुलांना काही कबूल करू नका.

पिवळ्या ट्रामचं मात्र अवश्य कबूल करा. फक्त २८ नंबरच्या मागे लागू नका. सगळं जग तिच्यातच चढतं, आणि खिसेकापूही. चेंगराचेंगरीत लहान मुलाला मोठ्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. तशीच जुनी लाकडी ट्राम २४ नंबरच्या मार्गावरही धावते, गर्दी पुष्कळ कमी. प्रवासाचं कार्ड प्रत्येकाला वेगळं लागतं, एकावर दोघांना जाता येत नाही. मुलांचं कार्ड त्यांच्याच हाती द्या, यंत्राला टेकवायचं काम त्यांना भारी आवडतं.

बोटीचा आनंद याहून मोठा आणि याहून स्वस्त. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्याशला नेहमीची प्रवासी बोट जाते, दहाएक मिनिटांत. पर्यटकांच्या महागड्या फेरीपेक्षा हीच बरी. याच धक्क्याशेजारच्या स्टेशनातून किनाऱ्याची लोकल सुटते आणि अर्ध्या तासाच्या आत कार्काव्हेलुशच्या लांबरुंद वाळूवर पोचवते. पण लक्षात ठेवा, हा अटलांटिक आहे. भर उन्हाळ्यातही पाणी चांगलंच गार असतं. पाण्यात उतरण्याआधी बावटा बघायचा : हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर काठालाच पाय भिजवा, लाल असेल तर पाण्याला शिवायचंही नाही. ही तीन रंगांची शिकवणी मुलांना गाडीतच देऊन टाका. किनाऱ्यावर गेल्यावर कोण ऐकतंय!

एक सकाळ मत्स्यालयाला द्या. १९९८च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते बांधलं. मधला हौद सुमारे पन्नास लाख लिटरचा आणि सगळी दालनं त्याच्या भोवतीने. त्यात शार्क आहेत, पाकटं आहेत, शेपूट कापून टाकल्यासारखा दिसणारा सूर्यमासा आहे. वेगळ्या विभागात पाठीवर तरंगणारी समुद्री पाणमांजरं. त्यांच्यापुढून मुलं हलत नाहीत आणि तुम्हीही हलवू नका.

बेलें हा भाग आपल्या मुलांसाठी खास आहे, आणि तिथे जाण्याआधी त्यांना एक गोष्ट सांगा. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला गव्हर्नर आल्बुकर्क याने दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, पण भेट म्हणून एक जिवंत गेंडा दिला. तो गोव्याहून जहाजात चढवला गेला आणि २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. राजा मानुएलने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीनेच धूम ठोकली! पुढे राजाने तो पोपला नजर म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून बिचारा मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला डोळ्यांनी न पाहता, नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून काढलेलं चित्र जगभर गाजलं. त्याच सुमारास बेलेंचा बुरूज बांधला जात होता. त्याच्या एका लहान मनोऱ्याच्या तळाशी या गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, पाचशे वर्षांच्या वाऱ्यापाण्याने झिजलेलं. मुलांना ते शोधायला लावा. आत जायच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हा खेळ चांगला.

जवळच जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीत मेला. वसई, रेवदंडा, कोर्लईचे पडके कोट पाहिलेल्या मुलांना इथे प्रश्न पडतील, ‘हे लोक आपल्याकडे कशाला आले होते?’ असे. उत्तर गुळमुळीत देऊ नका. मिरी-मसाल्यासाठी आले, तोफा घेऊन आले, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून वसई घेतली, हे सरळ सांगा. विजयगाथेसारखं उभं केलेलं तिथलं दर्यावर्दींचं स्मारक तर १९६०चं आहे, आणि पुढच्याच वर्षी गोवा त्यांच्या हातून गेला. हेही सांगा.

खाण्यापिण्याची अडचण फारशी येत नाही. चमूसा नावाने आपला समोसा कितीतरी कॉफीखान्यांत मिळतो, गोव्याकडूनच तिकडे गेलेला. आत बहुधा मांस असतं, म्हणून शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. हिरव्या सूपवरही सॉसेजची चकती तरंगत असते. नाता म्हणजे क्रीम भरलेली छोटी गोड टार्ट, आणि ते क्रीम अंड्याच्या बलकाचं असतं. बेलेंच्या १८३७ पासूनच्या दुकानात रांग बघून परत फिरू नका, आत बसायला मोठी दालनं आहेत. आणि उपाहारगृहात न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह समोर आले तर ते फुकट समजू नका. खाल्ले तर बिलात येतात, नको असतील तर परत पाठवता येतात. भुकेली पोरं आधी पावावरच हात मारतात, तेव्हा निर्णय लवकर घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

दोन वर्षांपर्यंतचं मूल कडेवर असेल तर रांगेत पुढे सोडण्याचा तिथे कायदाच आहे. संकोच न करता पुढे जा. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तो दिवस किनाऱ्याला द्या. अडीअडचणीला फोन ११२.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही, सहा ते अकराच्या मुलांना निम्मं आहे. आई किंवा वडील यांपैकी एकच बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. पण विमानाची तिकिटं बघायच्याही आधी कपाटातून मुलांचे पासपोर्ट काढा आणि तारीख वाचा. आपले दहा वर्षं चालतात, मुलांचे पाचच.