शेळीचा पूरक आहार : मापापलीकडचा हिशेब

चंदीगडलगतचे, पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातील खरड आता झपाट्याने नागरी वस्तीत मिसळत आहे. अशा शहरालगतच्या पट्ट्यात शेळीच्या दुधाला ग्राहक हाताशी असतो; डेंग्यूच्या साथीत तर उत्तर भारतातील शहरांत त्याचा भाव कित्येक पटींनी चढतो. या दुधाने प्लेटलेट वाढतात, हे मात्र शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. साथीबरोबर आलेली मागणी साथीबरोबरच ओसरते. कायमचा ग्राहक दही, पनीर व चीज यांच्या चवीने बांधला जातो आणि त्या चवीची सुरुवात गव्हाणीत होते.

पूरक आहाराची शिफारस करताना मात्र 'दूध किती वाढले' एवढाच प्रश्न विचारला जातो. तो अपुरा आहे.

दाणा वाढवला की दूध वाढते, हे खरे. पण तंतुमय चारा कमी पडल्यास कोटीपोटातील आम्लता वाढते, अॅसिटिक आम्लाचे प्रमाण घटते आणि स्निग्धांश उतरतो. माप भरते, पण दही पातळ लागते. म्हणून खुराक दोन-तीन वेळांत विभागून द्यावा व कोरडा चारा कधीही तोडू नये.

प्रथिनांबाबतही गैरसमज आहे. पनीर केसीनपासून बनते आणि शेळीच्या दुधातील केसीनचे प्रमाण बरेचसे आनुवंशिकतेवर ठरते. गरजेपेक्षा जास्त पेंड दिली, तर दुधातील युरिया वाढतो, पनीर वाढत नाही. वाया जातो तो पशुपालकाचा पैसा.

स्निग्ध पूरकांत शेळी गाईहून वेगळी ठरते. तेलबिया दिल्यावर गाईच्या दुधातील स्निग्धांश अनेकदा घटतो. शेळीच्या दुधात तो बहुधा वाढतो. जवसामुळे ओमेगा-3 आम्लांचे प्रमाणही सुधारते. परंतु असे स्निग्ध पदार्थ लवकर खवट होतात आणि अतिरेकाने तंतूंचे पचन मंदावते. एकूण आहाराच्या शुष्क भागात स्निग्धांश साधारण 6 टक्क्यांच्या आत ठेवणे हितावह. उग्र वासाचा दोषही सरसकट खुराकाला देऊ नये. कॅप्रोइक, कॅप्रिलिक व कॅप्रिक ही आम्ले मोकळी झाली की तो वास येतो. दूध त्वरित थंड करणे आणि बोकड दूर बांधणे हे त्यावरचे बिनखर्चाचे उपाय आहेत.

सर्वांत गंभीर प्रश्न पेंडीचा आहे. बुरशी लागलेल्या शेंगदाणा वा सरकी पेंडीतील अफ्लाटॉक्सिन दुधात एम-1 रूपाने उतरते. ते दूध तापवूनही नष्ट होत नाही आणि केसीनला चिकटत असल्याने पनीर-चीजमध्ये अधिक साठते. दुधासाठी त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे. पंजाबात सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोहरीच्या पेंडीतील ग्लुकोसिनोलेट आयोडीनच्या उपयोगात अडथळा आणतात. तिच्यासोबत आयोडीनयुक्त क्षार मिश्रण अगत्याचे ठरते.

पंजाबची बीटल ही दुधासाठी नावाजलेली जात. महाराष्ट्रात 2019 च्या पशुगणनेनुसार सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या आहेत. त्यातील उस्मानाबादी प्रामुख्याने मांसासाठी पाळली जाते, तर संगमनेरी दूध व मांस अशा दुहेरी उपयोगाची आहे. बीटलचा खुराक या जातींना जसाच्या तसा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांचा पाला हे येथील स्वस्त प्रथिन आहे. सुबाभळीतील मायमोसिनमुळे तिचा वाटा हिरव्या चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावा, इतके पथ्य पुरे.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारशीचा क्रम बदलण्याची वेळ आली आहे. आधी चारा, मग क्षार मिश्रण, त्यानंतर बुरशीमुक्त पेंड आणि अखेरीस, परवडल्यास, तेलबिया. दूध वाढवण्याचा दावा करणारी बाटली या क्रमात शेवटी येते. कोणतेही पूरक सुरू करण्यापूर्वी आणि तीन-चार आठवड्यांनंतर दुधाचे माप, फॅट आणि एक लिटर दुधापासून निघालेले पनीर यांची नोंद ठेवावी. वाढलेल्या दुधाची किंमत खुराकाच्या खर्चाहून कमी भरत असेल, तर ते पूरक शेळीपेक्षा विक्रेत्यालाच पोसत आहे, हे ओळखावे.