तंबू कुठे ठोकायचा, हे मुलांनाच ठरवू द्या



दिवाळीची सुट्टी संपली की सगळ्या शाळांत एकच विषय निघतो, यंदा सहल कुठे न्यायची? हल्ली त्यात तलावाकाठच्या मुक्कामाची भर पडली आहे. तंबू, शेकोटी, रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-पोहे. माणशी एवढे रुपये भरा आणि या. सगळं तयार असतं, आपल्याला फक्त मुलं मोजून बसमध्ये चढवायची.

मागे मीही तेच केलं होतं. एका आयोजकाकडे पैसे भरले आणि मुलांना एका धरणाकाठी नेऊन आणलं. रात्री मोठ्याने गाणी लावली, मुलं नाचली, जेवली, झोपली. सोमवारी वर्गात विचारलं, "आपण गेलो त्या धरणावर कुठली नदी अडवली आहे?" कोणालाच सांगता आलं नाही. त्यात मुलांची काय चूक? सगळं आम्हीच ठरवलं होतं, त्यांना विचारलंच नव्हतं.

म्हणून यंदा उलट करायचं ठरवलं. माझी शाळा शहापूर तालुक्यात, मैत्रिणीची मुरबाडला. दोन्ही शाळांची सहावी-सातवीची मुलं, एकच एसटी, एक रात्र मुक्काम, ठिकाण भंडारदरा. मुरबाडची मुलं सरळगाव-किन्हवलीमार्गे शहापूरला येणार, तिथून सगळे कसारा घाट चढून, इगतपुरी-घोटीवरून भंडारदऱ्याला. ठिकाण आम्ही मोठ्यांनी ठरवलं. बाकीचं नियोजन मुलांकडे दिलं.

तुम्ही म्हणाल, पाणी आपल्याकडे काय कमी आहे? तानसा आहे, मोडकसागर आहे, भातसा आहे. खरं आहे. पण तानसा तलाव अभयारण्यात येतो, आणि हे सगळे मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे साठे. तिथे मनाला येईल तसा तंबू ठोकता येत नाही. भंडारदऱ्याला राहायची सोय आहे आणि शौचालय असलेली जागा मिळते. मुलींच्या आयांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, "मॅडम, संडास कुठे?" या प्रश्नाचं नीट उत्तर नसेल तर मुली घरीच राहतात. म्हणून जागा निवडताना तलाव किती सुंदर दिसतो हे नंतर बघा, आधी हे बघा.

मुलांचे गट पाडले. हिशोबाच्या गटाने एसटीचं भाडं काढलं. शालेय सहलीला महामंडळ ५० टक्के सवलत देतं, ती धरून माणशी खर्च काढायचा होता. शतमान पुस्तकात शिकवताना जांभया देणारी मुलं इथे एकमेकांची गणितं तपासत होती. कारण दहा रुपये चुकले तर ते कोणाच्या तरी घरून जाणार होते.

थंडीच्या गटाला मी एवढंच सांगितलं की दर १००० मीटर चढलं की हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते आणि भंडारदरा समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास आहे. आपल्यापेक्षा तिथे चार-पाच अंश कमी असणार, हे त्यांनीच काढलं. मग स्वेटरचा विषय आला. वर्गात सगळ्यांकडे स्वेटर नाहीत, हे मला माहीत होतं, पण मी बोलले नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, स्वेटर नको लिहायला. एक गोधडी लिहूया. गोधडी सगळ्यांच्या घरी असते." यादी मी केली असती तर स्वेटर लिहिला असता आणि दोन-तीन मुलं काहीतरी कारण सांगून आली नसती.

तारखेवरून भांडण झालं. पालकांना चांदणी रात्र हवी, मुलांना तारे बघायचेत म्हणून अमावास्येजवळची. जानेवारीच्या रात्री मृग नक्षत्र आणि कृत्तिका छान दिसतात, पण चंद्र मोठा असला की बारीक तारे दिसत नाहीत. मुलांनी हे घरी पटवून दिलं. अंधार म्हणून प्रत्येक गटाला दोन बॅटऱ्या, हेही त्यांनीच लिहिलं.

आता ज्या गोष्टीवर पालक अडतात, तिच्याकडे येते. पाणी. ही भीती खोटी नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. त्यामुळे शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांचं संमतीपत्र हाती असल्याशिवाय आम्ही निघणार नाही.

आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमच्या पोरांना पोहता येतं." मला या वाक्याची जास्त भीती वाटते. आपली मुलं ओढ्यात, नदीच्या डोहात पोहायला शिकतात, आणि तो डोह त्यांच्या रोजच्या पायाखालचा असतो. धरणाचा तलाव म्हणजे पाण्याखाली गेलेली दरी. काठाला गुडघाभर पाणी आणि पुढच्या दोन पावलांवर तळच नाही, असं होऊ शकतं. गाळात पाय रुततो. थंड पाण्यात अंग आखडतं. म्हणून पाण्याचा नियम मुलांच्या मतावर सोडलेला नाही. पाण्यात कोणीही उतरायचं नाही, शिक्षकांनीसुद्धा नाही. मात्र तो नियम कसा पाळायचा, हे मुलांनी ठरवलं. तंबू काठापासून लांब आणि उंचावर. जोडीदाराशिवाय कुठे जायचं नाही. दर तासाला गटप्रमुखाने मोजणी करायची. तंबूत शेगडी न्यायची नाही. निघण्याआधी जवळचा दवाखाना शोधायचा आणि १०८ नंबर प्रत्येकाला पाठ हवा. स्वतः लिहिलेला नियम मुलं मोडत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण दुसरा मोडायला निघाला तर ओरडतात, हे मी वर्गात रोज बघते.

आणि आता ज्या प्रश्नासाठी हे सगळं लिहायला बसले तो. माहितीच्या गटाने फळ्यावर लिहिलं होतं: नदी प्रवरा, विल्सन धरण, १९२६ साली पूर्ण, पाणी खाली संगमनेर, श्रीरामपूरच्या शेतांना. ते वाचून पाड्यावरून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, म्हणजे त्यांचं पाणी पण खालीच जातं? आपल्या भातसासारखं?"

वर्ग गप्प झाला. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. आणि याच तालुक्यात कितीतरी पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरची वाट बघतात. तो मुलगा एप्रिलमध्ये उशिरा का येतो, हे मला ठाऊक आहे. हंडे भरून येतो.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. मुंबईतल्या माणसाला तहान नाही का, असंही कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. धरणं वाईट, शहर वाईट, असं मुलांना शिकवायचं नाही. पण हा प्रश्न त्याला पडला हे मला महत्त्वाचं वाटतं. आता मुलं भंडारदऱ्याच्या गावातल्या लोकांना विचारायचे प्रश्न काढत आहेत. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला पाणी असतं का? धरण झालं तेव्हा इथे कोणाची शेतं होती, हे आजी-आजोबांकडून ऐकलंय का? जेवणही आम्ही गावातल्याच घरी सांगणार आहोत, पिठलं-भाकरी. म्हणजे बोलणं होईल आणि चार पैसे गावात राहतील.

हे सगळं करायला वेळ जातो, हे मान्य. आमचे तीन आठवडे गेले, आणि ऑनलाइन माहिती भरायची कामं कोणाला चुकली आहेत? पण या तीन आठवड्यांत शतमान झालं, नकाशा झाला, विनंतीपत्र झालं, उंची आणि तापमान झालं. तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही.

पालकांना एक विनंती. मूल घरी येऊन खर्चाचा कागद पुढे करेल, तेव्हा "तुला काय कळतंय" म्हणू नका. एकदा वाचून बघा. चूक सापडली तर दाखवा, तो दुरुस्त करेल.

आणि शिक्षकांनो, यंदा आयोजकाला फोन लावण्याआधी एक कोरा कागद मुलांपुढे ठेवा. पाण्याचा नियम तेवढा आपल्या हातात ठेवा, बाकीचं त्यांना लिहू द्या.