‘सीझनल’ जेवण हवंय, पण सीझन पाळायला नको!

गेल्या आठवड्यात आमच्या एका परिचिताने घरी ‘सीझनल जॅपनीज डिनर’ केलं. फोटो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरले. सॅमनचे गुलाबी काप, काळ्या ताटल्या, मुंबईहून आणलेली साकेची बाटली. हौसेला मोल नसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्याच दिवशी हेच गृहस्थ चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "तुम्ही पत्रकार लोक या मासेमारी बंदीवर का लिहीत नाही? दोन महिने ताजी सुरमई नाही म्हणजे काय?"

लिहा म्हणालात, लिहितो.

आधी जपानचंच बघू. सॅमन कच्चा खायची सवय जपानला नॉर्वेवाल्यांनी १९८०च्या दशकात लावली, स्वतःच्या शेतीतला मासा खपवायला. तो बारा महिने मिळतो. त्यात कसला आलाय सीझन?

जपानी माणूस ज्याला सीझन म्हणतो त्याला तिथे ‘शुन’ असा शब्द आहे. मासा ज्या दिवसांत सगळ्यात चवदार, तो त्याचा शुन. शरदात सान्मा, कडाक्याच्या थंडीत बुरी. साकेलाही ऋतू असतो. तांदूळ, पाणी आणि कोजी नावाची बुरशी यांतून ती मुख्यतः थंडीत बनते. नवी साके हिवाळ्यात येते. उन्हाळाभर मुरवलेली ‘हियाओरोशी’ शरदात बाहेर पडते, सान्माच्या जोडीला. घरात बसून मासा भाजायचा आणि घोट घ्यायचा, एवढाच थाट. पण त्यासाठी आधी वाट बघावी लागते.

वाट बघणं म्हणजे काय, ते उत्तर जपानातल्या अकिताकडून शिकावं. तिथे हाताहाता नावाचा वीतभर मासा डिसेंबरात, ढग गडगडायला लागले की अंडी घालायला किनाऱ्याशी येतो. म्हणून त्याला ‘गडगडाटाचा मासा’सुद्धा म्हणतात. त्याच माशाला खारवून केलेल्या रसात त्याचं कालवण शिजतं, सोबत गरम साके. अकिताचा हिवाळा म्हणजे हे जेवण.

१९६८ साली तिथे हा मासा वीस हजार टन मिळाला होता. १९९१ साली किती? सत्तर टन! मग मच्छीमारांनी आपापसात बैठका घेतल्या, भांडले, आणि सप्टेंबर १९९२पासून तीन वर्षं हा मासा पकडणं पूर्ण बंद केलं. दोन महिने नाही, तीन वर्षं. हे वरून कुणी लादलेलं नव्हतं. ज्यांची चूल त्याच माशावर पेटत होती, त्यांनीच हे ठरवलं. पुढच्या दहाएक वर्षांत पकड पुन्हा हजारो टनांवर गेली. अलीकडे मासा परत घटलाय, समुद्र तापणं हे त्याचं एक कारण सांगतात. पण त्या तीन वर्षांमुळे एका पिढीला तरी ते कालवण मिळालं.

कुणी म्हणेल, जपानी काय सगळे संत आहेत? अजिबात नाही. उन्हाळ्यात एका ठरावीक दिवशी उनागी, म्हणजे वाम, खायचीच असा तिथे रिवाज आहे. खरं तर रानटी वाम थंडीच्या तोंडावर जास्त चवदार. तरी लोक त्या दिवशी तुटून पडतात, आणि आज जपानी वाम धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. म्हणजे सीझनचा नुसता सण केला की मासा संपतो आणि सीझन पाळला की तो टिकतो, हे दोन्ही धडे एकाच देशात मिळतात.

आता आपलं. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, कारण पावसाळ्यात कितीतरी मासे अंडी घालतात. हे कायद्याच्या आधीपासून आपल्या आज्यांना ठाऊक होतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा आपला शुनच की! २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला. तरी बाजारात हाताच्या पंजात मावणारी पापलेटं वाट्याने विकली जातात, आणि "स्वस्त लागली" म्हणत आपणच पिशवी पुढे करतो. एलईडी लावून मासे उपसणाऱ्यांना शिव्या घालायच्या, त्यांचं गिऱ्हाईक मात्र आपणच व्हायचं. बंदीत होडी ओढून ठेवणारा गरीब मच्छीमार रिकाम्या हाताने बसतो आणि आपल्याला दोन महिने सुकट, जवळा, भाजी चालत नाही?

तेव्हा दादा, साके खुशाल प्या. पण जपानकडून काही घ्यायचंच असेल तर त्या काळ्या ताटलीआधी थांबणं घ्या. बंदी संपेपर्यंत सुरमई मागू नका आणि त्यानंतरही माशाचं पिल्लू दिसलं तर विकत घेऊ नका. सुरमई येईल. वाट बघून खाल्लेली जास्त गोड लागेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी इथेच आहे.