वजन वाढते, म्हणजे माणूस खोटे बोलतो काय?

"डॉक्टर, मी खोटं सांगत नाही हो. रोज पाऊण तास फिरते, भात सोडला, गोड सोडलं. तरी काटा पुढंच सरकतोय."

तालुक्याच्या गावी तीस वर्षे दवाखाना चालवताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले, त्याची मोजदाद नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर माझे उत्तर ठरलेले असे. मनात म्हणायचे, 'सगळेच असे म्हणतात,' आणि तोंडाने म्हणायचे, 'खाणे जरा कमी करा.'

हे उत्तर किती महागात पडते, ते मला एका शिक्षिकाबाईंनी शिकवले. वय ४७. दर खेपेला वजन किलो-दीड किलोने वाढलेले. दोनदा मी त्यांना खाणे कमी करायला सांगून वाटेला लावले. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. वर्गात उभे राहवत नाही म्हणून त्या खुर्चीत बसून शिकवत होत्या. तेव्हा कुठे मी रक्त तपासायला पाठवले. टीएसएच भलतेच वाढलेले निघाले. थायरॉईडची ग्रंथी मंदावली होती. दीड वर्ष बाई खरे बोलत होत्या आणि मी ऐकत नव्हतो.

"घरचे हसायचे, तुम्हीही तेच म्हणालात, म्हणून रात्रीचं जेवणच सोडलं," एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला मान वर करवली नाही.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. वजन हा गुन्हा नव्हे आणि रुग्ण हा आरोपी नव्हे. हळूहळू वजन वाढणाऱ्या माणसाकडून कबुलीजबाब घ्यायचा नसतो, त्याच्याबरोबर बसून मोजमाप करायचे असते.

पण गोष्ट इथे संपत नाही. गोळी सुरू झाली, थकवा गेला, बाई पुन्हा उभ्या राहून शिकवू लागल्या. वजन मात्र तीनच किलो उतरले. वाढले होते आठ किलो. थायरॉईडमुळे वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोच असते आणि त्यातही बराचसा भाग शरीरात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो. म्हणजे उरलेले पाच किलो दुसरीकडून आले होते. 'मला थायरॉईड आहे' असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कुठून आले ते पाहू. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागा. दिवसाला २१ कॅलरी येतात. चहाच्या चमच्याने एक सपाट चमचा साखर म्हणजे जवळजवळ तेवढ्याच! शरीराचा हिशेब वाण्याच्या वहीइतका सरळ नसतो, वजन वाढले की खर्चही थोडा वाढतो. पण अंदाज यायला एवढे पुरे. वर्षाला किलोभर वजन वाढायला पंगती झोडाव्या लागत नाहीत. रोजची चूक इतकी लहान असते की प्रामाणिक माणसालाही ती दिसत नाही.

मी बाईंना आठवडाभर सगळे वहीत लिहायला सांगितले. त्यांचे जेवण खरोखरच चांगले होते. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ. पण आपला सोलापूर जिल्हा पडला शेंगांच्या चटणीचा. भाजीत कूट, चटणीत कूट आणि वर कच्चे तेल. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत दीडशेच्या वर कॅलरी असतात. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास. अर्धा तास भरभर चालून जेमतेम तेवढ्याच खर्च होतात. सकाळचे फिरणे दुपारच्या चटणीत बुडाले ते असे. त्यात मुलाच्या ताटात उरलेली अर्धी भाकरी. टाकवत नाही म्हणून घरची बाई ती खाते आणि तिला ती जेवणात धरायची असते हे सुचतही नाही. उपवासाचे तर विचारूच नका. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीचे ताट पाहूनच निघाली असावी.

शेंगदाणे वाईट नाहीत, भाकरीही नाही. पण चांगले अन्न आणि हलके अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'घरचंच खाते' या उत्तराने प्रमाणाचा प्रश्न सुटत नाही.

दुसरी समजूत वयाची. चाळिशीनंतर शरीराची भट्टीच मंदावते, असे मीही वर्षानुवर्षे सांगत आलो. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की शरीराच्या आकारमानाचा विचार केला तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च फारसा बदलत नाही. साठीनंतर तो हळूहळू उतरतो. मग चाळिशीत बदलते काय? हालचाल घटते आणि न वापरलेले स्नायू झिजतात. स्त्रियांची पाळी थांबू लागली की चरबी पोटाकडे सरकते. म्हणून नुसते फिरणे पुरत नाही, स्नायूंना काम हवे. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढे आठवड्यातून दोन-तीन दिवस केले तरी फरक पडतो. जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडे असावे.

तिसरी गोष्ट पोटाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या २१ टक्के! आपली अंगकाठी बारीक दिसली तरी चरबी आतून साठते. म्हणून वजनकाट्याइतकेच शिंप्याच्या टेपकडे लक्ष द्यावे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर माप घ्यावे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेले, तर साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

आता डॉक्टरकडे केव्हा जावे? वजनाबरोबर थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, केस गळणे किंवा पाळीच्या तक्रारी असतील तर लवकर जावे. आठवड्याभरात दोन-तीन किलो वाढून पायांवर सूज व धाप असेल तर त्याच दिवशी. तिथे हृदय किंवा मूत्रपिंडाचा संशय घ्यावा लागतो. जाताना चालू औषधांची पाकिटे बरोबर न्यावीत. स्टेरॉईड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, फिट्सची आणि मनाच्या विकारांची काही औषधे वजन वाढवतात. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नयेत. पर्याय असला तर डॉक्टर देतील. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनेही आता मिळतात, पण ती शेजाऱ्याला लागू पडली म्हणून घेण्याची वस्तू नव्हे. ज्या भुकटीच्या डब्यावर नीट माहिती नाही, ती तर घरात आणूच नये.

घरी करायचे ते साधे आहे. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख टाका. दरडोई महिन्याला अर्धा लिटर ही रेघ मी माझ्या रुग्णांना आखून देतो. महिन्यातून एक आठवडा खाल्लेले लिहून काढा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करा. आणि घरातल्या मंडळींनी हसणे बंद करावे. स्वयंपाकातले तेल एकटी बाई खात नाही, सगळे घर खाते. मग वजनाचा दोष तिच्या एकटीच्या माथी का?

बाईंच्या घरी चार माणसांना पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नसे. आता दोन लिटरला थोडे वर लागते. चटणी आहे, पण चमच्याने मोजून. रात्रीचे जेवण पुन्हा सुरू झाले आहे. गेल्या दोन वर्षांत वजन आणखी दोन किलो उतरले आणि तिथेच थांबले. जुन्या वजनापासून त्या अजून तीन किलो दूर आहेत आणि त्याची त्यांना खंत वाटते. मी त्यांना सांगतो, वाढणारा काटा थांबवला हा पहिला विजय आहे, बाकीचे सावकाश होईल.

आणि मी? आता कुणी 'खोटं सांगत नाही हो' म्हणाले, की मी लेखणी खाली ठेवतो आणि म्हणतो, "ठाऊक आहे. बसा, पहिल्यापासून सांगा."